समुद्रातल्या गोड्या विहिरी



मी तिरोड्याचा. आमच्या तिरोड्याहून समुद्र कोणत्याही दिशेला निघालात तरी शेकडो किलोमीटर दूर. आमची वैनगंगा समुद्राला मिळते ती प्राणहिता आणि गोदावरीच्या हाताने, आणि तीही पूर्वेच्या समुद्राला. त्यामुळे पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे येतं ते तळं. बोदलकसा, चोरखमारा, गावोगावचे मालगुजारी तलाव. तळ्याला पाळ असते, पाट असतो, आणि कोणाच्या बांधीला कधी पाणी जायचं याचा हिशेब असतो. हा हिशेब आम्ही लहानपणीच शिकतो. तो मी समुद्रकाठी जाऊन विसरलो, आणि तिथल्या एका काकींनी मला पुन्हा शिकवला. आज बोलायचं आहे ते त्याविषयी.

हल्ली वर्तमानपत्रांत परदेशी सहलींच्या जाहिराती येतात. ग्रीसची बेटं, माल्टा, सिसिली. निळा समुद्र, जुनी तटबंदी, रिकामे किनारे. चित्रं पाहून आमच्या घरातली नातवंडंसुद्धा म्हणाली, ‘आजोबा, इथे जाऊ.’ शिक्षकाच्या पेन्शनमध्ये माल्टा बसत नाही. मी म्हटलं, समुद्र आहे, बेट आहे, बेटावर साडेतीनशे वर्षांपूर्वीचा किल्ला आहे, आणि तिकीट आपल्या स्टेशनवर मिळतं. चला मालवणला.

यात थट्टा नव्हती. गोंदियाहून सकाळी निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आमच्या तिरोड्यावरून जाते आणि सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापूरला पोचते. तिथून एसटीने घाट उतरला की चार-पाच तासांत मालवण. ज्यांना घाई आहे त्यांनी मुंबई गाठून कोकण रेल्वे धरावी. हा लोहमार्ग १९९८ साली पूर्ण सुरू झाला, तेव्हापासून कुडाळ आणि कणकवली ही स्टेशनं मालवणची दारं झाली आहेत. आम्ही २०२३ च्या मे महिन्यात गेलो. चार जोडपी आणि पाच मुलं, एकूण तेरा माणसं. मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे देवबाग म्हणून गाव आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर माड, माडांत घरं, आणि पुष्कळ घरांत पाहुण्यांसाठी दोन-तीन खोल्या. अशाच एका घरी आम्ही उतरलो.

आधी किल्ल्याविषयी सांगतो, कारण पुढची गोष्ट किल्ल्यातच सुरू होते.

मालवणच्या धक्क्यावरून होडी निघते आणि साधारण पंधरा मिनिटांत कुरटे बेटाला लागते. याच बेटावर सिंधुदुर्ग आहे. शिवाजी महाराजांनी किल्ल्याच्या कामाला हात घातला तो २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. पूजा झाली ती मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका खडकापाशी, त्याला आजही मोरयाचा धोंडा म्हणतात. त्या काळी जंजिऱ्यावर सिद्दी, गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला डचांची वखार, सुरतेत इंग्रज. जमिनीवर राज्य असून समुद्र मात्र दुसऱ्यांचा, अशी अवस्था होती. म्हणून पाण्यात पाय रोवायचे ठरले. तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. सुमारे ४८ एकरांचं बेट आणि त्याभोवती जवळजवळ तीन किलोमीटरचा नागमोडी तट. पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचं सांगतात. दरवाजा बुरुजांच्या वळणात असा लपवलेला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो कुठे आहे ते कळत नाही. आमचा धाकटा नातू तर म्हणाला, ‘आजोबा, यांनी दरवाजा ठेवायचाच विसरला.’

आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांच्या काळात बांधलेलं. खुद्द शिवाजी महाराजांची तिथे पूजा होते. तटावर त्यांच्या हाताचा आणि पायाचा ठसा दाखवतात. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. किल्ला पुढे कोल्हापूरकरांना परत मिळाला आणि ते नाव आता फक्त पुस्तकात उरलं आहे. किल्ल्यात आजही काही घरं आहेत. म्हणजे हे नुसते अवशेष नव्हेत, तिथे चुली पेटतात.

पण मला सगळ्यांत नवल वाटलं ते विहिरींचं. मालवणीत विहिरीला बाव म्हणतात. किल्ल्यात तीन बावी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावांवरूनच कळतं की पाणी कसं असेल. चारी बाजूंना खारा समुद्र, लाटा तटावर आपटताहेत, आणि आत पोहरा सोडला की गोडं पाणी! मुलांनी ओंजळीने पिऊन पाहिलं. एकाने विचारलं, ‘आजोबा, समुद्राचं पाणी आत झिरपत कसं नाही?’ मी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण त्या वेळी मी ‘देवाची करणी’ म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर शोधायची पाळी तीन दिवसांनी आली.

ते उत्तर आता तुम्हाला सांगतो. समुद्राचं पाणी विहिरीपर्यंत येतच नाही असं नाही. ते बेटाच्या खाली असतंच. पण बेटावर पाऊस पडतो. कोकणात तर चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, आमच्या गोंदिया जिल्ह्याच्या दुपटीहून अधिक. त्यातलं काही पाणी वाळूतून, खडकाच्या भेगांतून खाली मुरतं आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्याला भेटतं. दोन्ही एकदम मिसळत नाहीत. कारण वजन. एक लीटर गोडं पाणी भरतं एक हजार ग्रॅम. एक लीटर समुद्राचं पाणी भरतं साधारण एक हजार पंचवीस ग्रॅम. म्हणून हलकं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. पाण्यात लाकडाचा ओंडका टाकला की थोडा वर दिसतो आणि बराच बुडालेला असतो, तसं. मधे जाड आणि कडेला पातळ अशा या गोड्या पाण्याच्या थराला अभ्यासक भिंग म्हणतात, कारण त्याचा आकार चष्म्याच्या काचेसारखा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन घायबेन या डच अभियंत्याने आणि १९०१ साली हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने हे गणित स्वतंत्रपणे मांडलं.

आता साधा भागाकार करा. एक हजार भागिले पंचवीस म्हणजे चाळीस. समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी एक फूट उभं असेल, तर खाली ते सुमारे चाळीस फूट खोल असतं. ऐकायला छान वाटतं. पण हेच गणित उलटं वाचा. उपसा करून वरची पातळी एक फूट खाली आणलीत, तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर चढायला मोकळं होतं. प्रत्यक्षात जमीन इतकी एकसारखी नसते. खडकात तर गोडं पाणी जिथे भेगा असतील तिथेच साठतं. पण दिशा हीच. गोडं पाणी थोडं कमी झालं की खारं पाणी पुष्कळ पुढे येतं.

आता देवबागला परत येऊ या.

वाळूच्या पट्टीवरचं ते घर. अंगणात बाव, बावीवर पंप, पंपाचं पाणी वरच्या टाकीत. आम्ही तेरा माणसं. मे महिन्याचा उकाडा. मुलं सकाळी समुद्रात, मग आंघोळ. दुपारी समुद्रात, मग आंघोळ. संध्याकाळी वाळूत लोळून परत आंघोळ. मोठी माणसंही काही मागे नव्हती. समुद्राच्या पाण्याने अंग चिकट होतं, आणि आम्हा तळ्यात पोहणाऱ्यांना ते मुळीच सहन होत नव्हतं. बायकांनी रोज कपडे धुवायला काढले. अंगणातला नळ तर मुलांनी पाय धुण्यासाठी सोडूनच ठेवलेला. दिवसातून चार-पाच वेळा पंप चालायचा. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट एक मित्र म्हणाला, ‘बाप्पा, इथे पाण्याला काय तोटा! दोन्हीकडे पाणीच पाणी.’

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा नासला. काकींनी दुसरं दूध घेऊन पुन्हा ठेवला. तो नासला नाही, पण त्याला खारट चव होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. न्याहारीला घावणे आणि चटणी झाली, मुलं समुद्रावर निघाली, तेव्हा काकी माझ्यापाशी आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘गुरुजी, एक सांगू काय? राग येवचो नाय मां?’ मी म्हटलं, ‘काकी, बोला ना.’ त्या म्हणाल्या, ‘बाव थकली आसा. जरा दमान घेवया.’

एवढंच. त्यांनी आमची चूक काढली नाही. पैसे घेतले होते म्हणून त्यांना संकोच होता, आणि बाव त्यांची होती म्हणून काळजी होती. आम्ही चार दिवसांनी तिरोड्याला परतणार. पाऊस यायला अजून तीन-चार आठवडे. खारं झालेलं पाणी प्यायचं त्यांनी, माडांना घालायचं त्यांनी. श्रोतेहो, मला खरोखर लाज वाटली. माझ्या गावी एखाद्याने रात्री गुपचूप पाट फोडून पाणी आपल्या बांधीत वळवलं तर आम्ही त्याला काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. इथे मी तेच केलं होतं, फक्त दिवसाढवळ्या आणि पैसे मोजून.

त्या दुपारी मी मुलांना ओसरीवर बसवलं आणि वहीच्या पानावर तो चाळीसचा भागाकार करून दाखवला. किल्ल्यात जो प्रश्न टाळला होता त्याचं उत्तर दिलं. मग ठराव झाला. समुद्राच्या आंघोळी दिवसातून एकदाच, आणि त्यानंतर माणशी एक बादली. पाय धुवायला अंगणात टोपलं. कपडे तिरोड्याला गेल्यावर. पंप काकी सांगतील तेव्हाच. मुलांनी हे मोठ्यांपेक्षा नीट पाळलं. निघायच्या दिवशी चहा पुन्हा चहासारखा लागला. पाणी खरंच सुधारलं होतं की आमची जीभ सरावली होती, ते मी सांगू शकत नाही. काकी मात्र हसत होत्या.

परत आल्यावर मी माल्टाविषयी वाचलं, कारण नातवंडांनी ते नाव सोडलं नव्हतं. भूमध्य समुद्रातलं हे बेटांचं राष्ट्र. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याहूनही लहान. तिथे पिरॅमिडच्याही आधीची दगडी मंदिरं आहेत, आणि १५६५ साली तुर्की आरमाराचा वेढा परतवून लावणारे किल्ले आहेत. इतिहासाची श्रीमंती डोळे दिपवणारी. पाऊस मात्र वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. शतकानुशतकं तिथली माणसं पावसाचं पाणी हौदांत साठवून आणि चुनखडीतल्या अशाच तरंगत्या गोड्या पाण्यावर जगली. पुढे वस्ती वाढली, उपसा वाढला, पर्यटन वाढलं. भूजल खारावत गेलं. १९८० च्या दशकापासून समुद्राचं पाणी यंत्राने गोडं करायचे मोठे कारखाने उभारावे लागले, आणि आज तिथल्या नळांना येणारं निम्म्याहून अधिक पाणी असं केलेलं असतं. देशाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, आणि २०२४ या एका वर्षात आलेले पाहुणे ३५ लाखांहून अधिक. त्यांच्यापाशी पैसा आहे, कारखाने आहेत. देवबागच्या काकींपाशी एक बाव आहे.

आता मूळ मुद्दा. आपण म्हणतो, हा किनारा अजून बिघडलेला नाही. पण तो आपोआप तसा राहिलेला नाही. एक तर वाट अवघड होती. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तरी दूरचे पाहुणे फार सहज पोचत नव्हते. दुसरं, पावसाळा दरवर्षी दार लावून घेतो. किल्ल्याच्या होड्या बंद होतात, मासेमारी थांबते, आणि त्या महिन्यांत समुद्र, वाळू आणि विहिरी आपापली भरपाई करून घेतात. आणि तिसरं, तिथली माणसं थोडक्यात भागवणारी. एका घराला एक बाव पुरते, कारण ते घर तिला पुरू देतं.

आता वाट सोपी झाली आहे. २०२१ साली चिपीला विमानतळ सुरू झाला. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यात सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आहेत. आनंदाचीच गोष्ट. पण जगाच्या यादीत नाव गेलं की जग पाहायला येतं, आणि येणारा प्रत्येक जण आंघोळ करतो.

यावर उपाय म्हणून जाऊच नका असं मी म्हणणार नाही. जरूर जा. पाहुण्यांच्या पैशावर तिथल्या कित्येक घरांतली मुलं शिकताहेत, आणि तो पैसा त्यांना हवा आहे. पण जाताना चार गोष्टी लक्षात असू द्या. शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, हवा बरी असते आणि जत्रांत दशावतारी नाटकंही पाहायला मिळतात. मे महिन्यातच जमत असेल तर पाणी मोजून वापरा, घरमालकांनी सांगायची वाट पाहू नका. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे पाण्याखाली उतरलात तर प्रवाळावर पाय देऊ नका, तो दगड नाही, जिवंत आहे. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर उभे राहून फक्त फोटो काढू नका, विचारून दोरीला हात लावा. पन्नास हातांनी ओढलेल्या जाळ्यातल्या माशांची वाटणी कशी होते ते पाहा. आमच्या तळ्यावरच्या ढिवर बांधवांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. आणि जेवायला त्या दिवशी जे जाळ्यात आलं असेल तेच मागा. सुरमईचाच हट्ट कशाला? बांगड्याचं तिखलं आणि वर सोलकढी, याने कोणाचं पोट रिकामं राहिल्याचं मी ऐकलेलं नाही. भात तर आपल्यासारखाच दोन्ही वेळा.

एक गोष्ट सांगून थांबतो. मराठेशाहीतल्या राजनीतीचा एक ग्रंथ आहे, रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, अठराव्या शतकाच्या आरंभीचं. त्यात किल्ला बांधायच्या जागेविषयी पहिला सल्ला आहे तो पाण्याचा. पाणी आहे का ते आधी पाहा. नसेल तर खडक फोडून टाकी, तळी बांधा. आणि पुढे म्हटलं आहे की एखादा झरा पुरेसा वाटला तरी तेवढ्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. साठवणीचं पाणी वेगळं राखा. तट, तोफा, बुरूज हे सगळं त्यानंतरचं. वाचताना मला सिंधुदुर्गाच्या त्या तीन बावी आठवल्या. आपण किल्ला बघायला जातो तेव्हा तटाची उंची विचारतो, बुरूज मोजतो. विहिरीपाशी क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. खरं तर तट सांभाळणारी माणसं त्या विहिरींवर जगली.

यंदाच्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा जाणार आहोत, त्याच घरी. फोन केला तेव्हा काकींनी विचारलं, ‘किती जण?’ मी म्हटलं, ‘तेराच, पण बादल्याही तेराच.’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘येवा, बाव भरलेली आसा.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)